उ: बाबांची पद्मिनी उघडून पडलीये, आता हात लावावासा वाटत नाही

बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी विकायचं मनात आणू नका राव! "सगळी खोलून ठेवलीय, गॅरेजमध्ये पाय ठेवला की टेन्शन येतं" असं तुम्ही लिहिलंय ना, त्यात गाडीचा दोष नाही, चारी बाजूंनी एकदम काम काढलं की कुणाचंही हेच होतं. रंग, क्रोम, सीट कव्हर सगळं सध्या विसरा आणि आधी इंजिन चालू करा. १०८९ सीसीचं साधं इंजिन आहे, टाकीत गंज असणारच म्हणून टाकीच्या नादी लागू नका, स्पार्क प्लग काढून आत थोडं ऑइल सोडा, इंजिन हाताने फिरतंय का बघा, डिस्ट्रिब्युटरचे (प्लगना करंट वाटणारा भाग) पॉइंट घासा आणि बाटलीतून नळीने थेट कार्ब्युरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) पेट्रोल द्या (फायर एक्स्टिंग्विशर जवळ पाहिजेच). एकदा धूर ओकत का होईना पण सुरू झाली की पुढचे चार महिने तुम्हाला कुणी ढकलावं लागत नाही. मग ब्रेक, मग पत्रा. पत्र्याचं काम मात्र खरंच रटाळ आहे, फ्लोअर सडलेला असेल तर डेंटर (पत्र्याचं काम करणारा) नुसती पुट्टी भरून देईल, तिथे उभं राहून पत्रा कापून घ्या.

पार्टचं म्हणाल तर मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारा, पद्मिनीच्या टॅक्स्या भंगारात गेल्या तरी पद्मिनीचा माल अजून निघतो. आणि आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) तपासलीत का? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावी लागते, ते आधी बघा.