टांझानियात मिशनच्या दवाखान्यात वर्षभर जातेय, रोजचा बाजारहाट कसा जमतो?

निर्मळची_पोर:
नमस्कार मंडळी. मी वसईची, नर्स आहे. म्वांझाजवळ एका गावात सिस्टर लोकांचा छोटा दवाखाना आहे तिथे सेवेला जायचं ठरलंय. कामाचं टेन्शन नाही, मलेरिया, बाळंतपणं सगळं हाताखालून गेलंय. टेन्शन बाकीचंच, म्हणजे भाजी कुठून आणायची, पैसे कसे द्यायचे, बस कशी पकडायची, भाषेची तर बोंबच. त्यात आई म्हणते तिथल्या पोरांसाठी चॉकलेटं, पेनं, जुने कपडे भरून ने. काय नेऊ काय नको? कोणी राहिलं असेल तर सांगा प्लीज.

तळ्याकाठी:
ताई, चॉकलेटं राहू द्या. एकदा वाटलीत की पोरं तुम्हाला बघून हातच पुढे करणार आणि जाईपर्यंत तुम्ही चॉकलेटवाली. त्यापेक्षा शिकामो म्हणायला शिका. वयाने मोठं कोणीही दिसलं, भाजीवाली असो की वॉचमन, आपण शिकामो म्हणायचं, ते मारहाबा म्हणणार, मग घरचे कसे, काम कसं चाललंय, रात्र कशी गेली हे सगळं झालं की मग टोमॅटोचा भाव. सरळ कितीला विचारलंत तर भाव कळेल पण तोंड वाकडं होईल. टोमॅटो कांदे ढीग लावून ठेवलेले असतात, एका ढिगाचा एक भाव, किलोबिलो विचारत बसू नका. वर एखादा मागायचा रिवाजच आहे आणि ओळख झाली की न मागता पडतो. माशांची तर तुमची चैन आहे, व्हिक्टोरिया तळ्याचा सातो म्हणजे तिलापिया ताजा मिळतो, आणि डगा म्हणून बारीक चंदेरी मासळी वाळवलेली असते, आपल्या सुक्या मांदेलीसारखी, फक्त वाळू जाईपर्यंत धुवा.

आणखी एक, वीज प्रीपेड असते, लुकु म्हणतात. मोबाईलवरून पैसे भरले की 20 आकडी टोकन येतं ते मीटरवर दाबायचं. एकदा रात्री आमचं संपलं, फ्रीजमध्ये औषधं, माझ्या फोनमध्ये पैसे नाहीत आणि एजंटची टपरी बंद. शेजारच्या मामांनी (बाईमाणसाला तिथे मामाच म्हणतात, दचकू नका) आमचा मीटर नंबर घेतला, स्वतःच्या फोनवरून टोकन काढलं आणि कुंपणापलीकडून मोठमोठ्याने आकडे वाचायला लागल्या, मी टॉर्च तोंडात धरून दाबतोय आणि त्यांचा पोरगा मुद्दाम मधेच भलता आकडा ओरडून खिदळतोय. सकाळी पैसे द्यायला गेलो, घेतले त्यांनी, पण चहा पाजल्यावरच.

नगरकर_काका:
वरचं सगळं बरोबर. मी डोडोमाकडे मिशनच्या शाळेचं बांधकाम बघायला होतो. गाडीचं सांगतो. मिशनची गाडी शहरात निघाली की गावाला आधी कळतं, कोणाची म्हातारी, कोणाची मक्याची पोती, कोणाची पाय बांधलेली कोंबडी, असं सगळं भरूनच ती निघते. नाही म्हणू नका, पण कोणाला घ्यायचं ते ड्रायव्हरला ठरवू द्या, त्याला गाव माहिती असतं. उसने पैसे मात्र सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नका. तुम्ही वर्षाने निघाल, मग लोक त्यांच्या दारात उभे राहतील, मागचीने दिले तुम्ही का नाही म्हणून.

आणि गावात मयत झाली तर जा. शेजारपाजारचे पैसे गोळा करतात, वहीत नाव लिहितात, रक्कम कितीही चालते. बायका कांगा (रंगीत छापील कापड) गुंडाळून मोठ्या पातेल्यात उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) शिजवत असतात, तिथे भांडी घासायला बसलात की भाषा आली नाही तरी चालतं.

तळ्याकाठी:
काका उसन्याचं सरसकट नाही पटत. डलाडलाचं भाडं नाही म्हणून आजारी पोर घरीच ठेवणारी आई असते, तिच्यासाठी परमिशन काढत बसायचं का?

नगरकर_काका:
भाडं द्या की, ते देणं झालं, उसनं नाही. मी बोलतोय ते धंद्याला भांडवल मागणाऱ्यांचं.

निर्मळची_पोर:
बाप रे, किती उपयोगी. डलाडला म्हणजे मिनीबस ना? टायमावर असते का? आणि सिमकार्ड?

तळ्याकाठी:
हो मिनीबस. भरली की निघते. उभं राहावं लागलं तर बसलेली बाई तुमची पिशवी आपणहून मांडीवर घेते, घाबरून ओढू नका. वेळ विचारताना सांभाळा, तिथे घड्याळ दिवस उजाडल्यापासून मोजतात, सकाळी 7 ला एक वाजला म्हणतात. म्हणजे दोनची गाडी म्हटलं तर तुम्ही 8 ला स्टँडवर पाहिजे.

वांद्रे_ते_दार:
पॅकिंगमध्ये प्लास्टिकच्या कॅरीबॅगा अजिबात नको, 1 जून 2019 पासून बंदी आहे, कापडी पिशव्या घ्या. चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर घ्या. डाळ, मसाले म्वांझात मिळतात, गुजराती लोकांची दुकानं आहेत. सिमसाठी पासपोर्ट लागतो, बोटांचे ठसे घेतात. त्याच काउंटरवर मोबाईल मनी चालू करून पिन सेट करून घ्या, गावात कार्डबिर्ड कोणी घेत नाही. घरी फोन करताना आपण अडीच तास पुढे आहोत, तुमच्या रात्री 8 ला वसईत साडेदहा वाजलेले असतात, आईला आधीच सांगून ठेवा.