अनुभव धागा: 'शुड हॅव', 'मस्ट हॅव' आणि मनातलं इंग्रजीत सांगताना

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी मी मोठ्या माणसांसाठी संध्याकाळचे इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेतो. दुकानदार, गृहिणी, परदेशी जायच्या तयारीतली मुलं, सगळे एकाच बाकावर. हा धागा काढतोय तो एका ठरावीक अडचणीसाठी. शुड हॅव, कुड हॅव, मस्ट हॅव ही भूतकाळातली मोडल्स, म्हणजे साहाय्यक क्रियापदं, रिकाम्या जागा भरताना सगळ्यांना जमतात, पण बोलायची वेळ आली की कोणी त्यांच्या वाटेला जात नाही. "आय डिड नॉट गो. इट इज माय मिस्टेक," एवढं म्हणून माणूस थांबतो.

गेल्या हिवाळ्यात वर्गातल्या एक ताई आठवडाभर आल्या नाहीत. त्यांची माहेरची आजी वारली होती. परत आल्या, जागेवर बसल्या आणि आपण होऊन म्हणाल्या, "आय शुड हॅव वेंट बिफोर दिवाळी." वर्ग गप्प झाला. 'वेंट' नव्हे 'गॉन', हे मी दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्या दिवशी सांगवेना. वर्षभरात 'शुड हॅव'ची शंभर तरी वाक्यं आम्ही लिहिली असतील. मनापासून उच्चारलेलं ते पहिलं.

तेव्हापासून मी फळ्यावर सूत्र आधी लिहीत नाही, भावना लिहितो. रुखरुख. तक्रार. अंदाज. सुटका. मग विचारतो, हे मराठीत कसं म्हणाल? साचे आपल्याकडे आधीच आहेत. "जायला हवं होतं" ही रुखरुख, म्हणजे शुड हॅव गॉन. "अगं, सांगायचंस ना!" ही लाडातली तक्रार, तिथे यू कुड हॅव टोल्ड मी. "सही करायला नको होती" म्हणजे शुडन्ट हॅव साइन्ड. "पाहुणे जेवून आले, उगाच रांधलं" म्हणजे आय नीडन्ट हॅव कुक्ड, आणि "पाहुण्यांनी आधीच कळवलं, रांधावं लागलं नाही" म्हणजे आय डिडन्ट नीड टू कुक. पहिल्यात भात उरलाय, दुसऱ्यात चूलच पेटलेली नाही. हा फरक पुस्तकातून शिकवायला मला तास लागायचा, भातामुळे दोन मिनिटांत होतो.

एका ठिकाणी मात्र मराठीच पाय ओढते. "मला माहीत असतं तर मी आलो असतो." दोन्हीकडे 'असता', म्हणून आपली माणसं दोन्हीकडे 'वुड' घालतात: इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम. इंग्रजीत 'तर'च्या आधीच्या भागात 'हॅड' हवा: इफ आय हॅड नोन.

तुम्ही हे कसं शिकलात? स्वभावाचे, भावनांचे शब्द कसे जिभेवर आले? जमलेलं सांगा, फसलेलंही सांगा.

मिरज, परिचारिका

सर, माझा अनुभव ओईटी परीक्षेच्या तयारीतला. परदेशी नोकरीसाठी परिचारिका आणि डॉक्टर देतात ती इंग्रजीची परीक्षा. बोलण्याच्या भागात दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. आधी कार्ड वाचायला तीन मिनिटं मिळतात. समोरची व्यक्ती रुग्ण किंवा नातेवाईक होते आणि आपण आपलंच काम करायचं.

सरावात मला एक आई मिळाली, मुलाला तीन दिवस ताप, आणि ती आज दवाखान्यात आलेली. मी पटकन म्हटलं, "यू शुड हॅव कम अर्लियर." व्याकरणात काही चूक नाही. शिकवणाऱ्या मॅडमनी सराव तिथेच थांबवला आणि विचारलं, वॉर्डात अशा आईला तू मराठीत काय म्हणतेस? मी म्हणते, "घाबरला असाल ना तुम्ही." त्या म्हणाल्या, मग तेच म्हण. "यू मस्ट हॅव बीन सो वरीड."

मंडळी, त्या क्षणी मला 'मस्ट हॅव' कळलं. व्याकरणात त्याला अंदाज म्हणतात, पण रुग्णाशी बोलताना त्याच अंदाजाने आपण त्याच्या बाजूला जाऊन बसतो. "दॅट मस्ट हॅव बीन पेनफुल." "इट मस्ट हॅव बीन हार्ड टू वेट." आणि 'शुड हॅव' रुग्णासमोर वापरलं की माणूस आरोपी होतो.

मग मी शब्दांची वही केली, पण डिक्शनरीतून नाही. ड्यूटी संपली की त्या दिवशी पाहिलेले तीन चेहरे आठवायचे आणि एकेकाला शब्द द्यायचा. ऑपरेशनच्या आदल्या रात्री येरझाऱ्या घालणारे काका, अँक्शस. एकदम पाच सूचना ऐकून नुसत्या मान हलवणाऱ्या आजी, ओव्हरव्हेल्म्ड. रिपोर्ट चांगला आल्यावर खुर्चीत मटकन बसलेला मुलगा, रिलीव्ड. चेहरा लक्षात राहतो, म्हणून शब्द राहतो. 'टेन्शन' या एका शब्दावर मी अकरा वर्षं काढली होती.

कोल्हापूर, निवृत्त शिक्षक

सरांचं म्हणणं पटलं, पण एक गोष्ट ठामपणे मांडतो. भावना असली तरी तिसरं रूप तोंडात नसेल तर वाक्य अडतंच. त्या ताईंचं 'वेंट' हेच सांगतं. आमच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी पाचवीला लागायचं. पहिलीपासून आलं ते २००० सालापासून. आम्ही गो-वेंट-गॉन, सी-सॉ-सीन, टेक-टुक-टेकन रोज प्रार्थनेनंतर म्हणून घ्यायचो. त्या पाठांतराला आज नावं ठेवतात. मी ठेवणार नाही. पाढे पाठ असलेल्या माणसाला हिशेब करताना डोकं हिशेबात घालता येतं.

दुसरं असं की मराठी व्याकरण नीट शिकलेल्याला हा भाग सोपा जातो. आपल्या विध्यर्थात 'त्याने जावे' हे कर्तव्य आणि 'तो गेला असावा' हा तर्क, दोन्ही एकाच 'वा'मध्ये बसतात. इंग्रजीच्या 'मस्ट'चंही तेच. यू मस्ट गो हे कर्तव्य, ही मस्ट हॅव गॉन हा तर्क. पण भूतकाळात एक खड्डा आहे. "मला जावं लागलं" याचं इंग्रजी मुलं "आय मस्ट हॅव गॉन" करतात. त्याचा अर्थ होतो "मी गेलो असणार". हवं आहे आय हॅड टू गो. माझ्या नोकरीत सर्वांत जास्त वेळा लाल पेनाने दुरुस्त केलेलं वाक्य हेच असेल.

मिसिसागा, कॅनडा

मी मुलाकडे राहते, वय अडुसष्ट. पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या बाईंनी आमच्या दारातलं बर्फ काढून दिलं, म्हणून होळीला मी त्यांना पुरणपोळ्या नेऊन दिल्या. डबा हातात घेत त्या म्हणाल्या, "ओ, यू शुडन्ट हॅव!" 'शुडन्ट' म्हणजे करायला नको होतं, एवढं मला येत होतं. मी परत आले आणि दोन दिवस मनाला लागून राहिलं. आपलं अन्न त्यांना चालत नसावं असं वाटलं.

मुलगा म्हणाला, आई, तू पाहुण्यांना काय म्हणतेस? "कशाला एवढं आणलंत!" हे तेच आहे गं.

तेच होतं खरंच. पुढच्या खेपेला त्यांनी घरच्या सफरचंदांचा 'पाय' हा गोड पदार्थ आणला, तेव्हा दारातच मी म्हटलं, "यू शुडन्ट हॅव!" त्यांनी माझा हात हातात घेतला. इथल्या माझ्या मैत्रीची सुरुवात त्या वाक्याने झाली.

डोंबिवली

आमचा लेडीज डब्यातला चौघींचा गट आहे. सकाळच्या फास्ट लोकलला मोबाइल बाजूला ठेवून अंदाजाचा खेळ खेळतो. फलाटावरचं किंवा खिडकीबाहेरचं काहीतरी निवडायचं आणि प्रत्येकीने एक वाक्य. नियम एकच, पुरावा द्यायचा. "शी मस्ट हॅव वर्क्ड द नाइट शिफ्ट, बिकॉज हर आयडी कार्ड इज स्टिल ऑन." पुरावा कच्चा असेल तर 'मस्ट'वरून 'माइट'वर यायचं. उलट पुरावा असेल तर 'कान्ट हॅव': "शी कान्ट हॅव स्लेप्ट." सुरुवातीला आम्ही 'मस्टन्ट हॅव' म्हणायचो. मराठीत "झोपली नसावी" म्हणतो ना, त्यामुळे ते बरोबर वाटायचं. नाही, तिथे कान्ट किंवा कुडन्ट.

या खेळामुळे एक कळलं. मराठीत "पोचला असेल" हे एकच वाक्य आपण खात्रीनेही म्हणतो आणि नुसत्या आशेनेही. फरक सुरात. इंग्रजीत तोंड उघडायच्या आधी खात्री किती ते ठरवावं लागतं. नवऱ्याचा फोन लागत नाही तेव्हा मी आता मनात 'माइट' म्हणतेय की 'मस्ट', हे माझं मलाच समजतं.

म्हापसा, गोवा, पर्यटकांची गाडी चालवतो

लिहिताना जमायचं, ऐकताना काही कळायचं नाही. ब्रिटिश पाहुणे 'शुड हॅव' असं दोन शब्दांत म्हणतच नाहीत. 'शुडव्ह' म्हणतात, घाईत नुसतं 'शुडा'. पाहुण्यांच्या मेसेजमध्ये मी 'हॅव'च्या जागी 'ऑफ'चं (ओ-एफ) स्पेलिंगही पाहिलंय. ते चूक आहे, उचलू नका. कानाला सारखं लागतं म्हणून तेही तसं लिहितात.

बीड, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी

बोलण्याच्या परीक्षेत एक कार्ड देतात, तयारीला एक मिनिट, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. मला सरावात आलं: तुमच्यावर प्रभाव पडलेल्या व्यक्तीबद्दल सांगा. मी आई निवडली आणि म्हटलं, "माय मदर इज व्हेरी सिंपल." माझ्या मनात 'साधी' होतं. माणसाबद्दल 'सिंपल' म्हटलं तर इंग्रजीत 'बुद्धीने कमी' असंही ऐकू जाऊ शकतं, हे कळल्यावर माझा चेहरा उतरला. माझ्या आईने शिवणयंत्रावर आम्हा तिघांना शिकवलंय.

त्या रात्री मी आईचे मराठी शब्द लिहून काढले. खंबीर, भिडस्त, मानी, काटकसरी. खंबीरला रिझिलियंट बसला. काटकसरीला थ्रिफ्टी. 'स्टिंजी' नव्हे, तो चिकटपणा. 'भिडस्त'ला काहीच बसेना. 'शाय' नाही, ती लाजत नाही. तिला फक्त 'नाही' म्हणता येत नाही. शेवटी शब्द सोडून वाक्यच केलं: "शी फाइंड्स इट हार्ड टू से नो." आणि पुढे मोडल आपोआप आलं. "शी कुड हॅव आस्क्ड हर ब्रदर्स फॉर मनी. शी नेव्हर डिड." 'मानी' हा शब्द या दोन वाक्यांत मावला.

इथल्या मुलांना अजून एक सांगते. आपल्याकडे भावना येतात, वाटतात, लागतात. राग येतो, भीती वाटते, चुटपुट लागते. इंग्रजीत 'मी' पुढे होतो आणि 'ॲम' लागतो. त्यात 'बोअर झालं'चं "आय ॲम बोअरिंग" होतं, म्हणजे मीच कंटाळवाणी. मला जे झालं ते 'बोअर्ड', ज्याने केलं ते 'बोअरिंग'. आणि 'नर्व्हस'! आमच्याकडे निकाल वाईट लागला की "नर्व्हस झालो" म्हणतात. इंग्रजीत नर्व्हस निकालाच्या आधी. नंतर डिसअपॉइंटेड.

पुणे, सॉफ्टवेअर

थोडक्यात लिहितो. सिस्टिम बंद पडल्यावर जी बैठक होते तिथे "यू शुड हॅव टेस्टेड इट" म्हटलं की पुढची माहिती बाहेर येत नाही. आमच्या टीममध्ये ठरवलं: आधी 'मस्ट हॅव' आणि 'माइट हॅव', म्हणजे काय घडलं असावं. मग 'कुड हॅव', कुठे पकडता आलं असतं. 'शुड हॅव' फक्त 'वुई' लावून.

नागपूर, अनुवादक

बीडच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. चुटपुट, रुखरुख, हळहळ यांना मी वर्षानुवर्षं इंग्रजी नाम शोधत होते. 'रिग्रेट'मध्ये तिन्ही एकसारखी होतात. आता नाम शोधत नाही, मोडलकडे जाते. चुटपुट लहान असते: आय शुड हॅव सेड गुडबाय. रुखरुख जुनी असते आणि तिच्यात 'इफ ओन्ली' येतं. हळहळ दुसऱ्यासाठी असते: शी कुड हॅव बीन अ सिंगर. क्रियापदच भावना वाहून नेतं, वेगळा शब्द लागत नाही.

धागाकर्ता

मिरजच्या ताई, तुमची तीन चेहऱ्यांची वही उद्यापासून वर्गात सुरू करतोय. कोल्हापूरचे सर, तिसऱ्या रूपांचं पाठांतरही सुरू करतो, वर्गाची पहिली पाच मिनिटं. डोंबिवलीकर, आमच्याकडे लोकल नाही, पण एसटी स्टँडवर पुरावे भरपूर मिळतील.

आणि ज्या ताईंच्या वाक्यापासून मी सुरुवात केली, त्यांना विचारूनच ते इथे लिहिलं आहे. काल त्यांनी पुढचं वाक्य दिलं, तेही लिहा म्हणाल्या: "शी वुड हॅव स्कोल्डेड मी फर्स्ट, अँड देन फेड मी."