रि: रि: रि: मेयॉर्कसवर महाभियोग (आणि पाडव्याची तिकिटं)

प्रेषक: अप्पा, हिक्सव्हिल
१४ फेब्रुवारी २०२४

मंडळी,

काल एका दिवसात दोन निकाल लागले. भर बर्फात जाऊन आपण मतं दिली आणि डेमोक्रॅट सुओझी आपल्या मतदारसंघातून निवडून आले. तिकडे हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, अंतर्गत सुरक्षेचे मंत्री मेयॉर्कस यांच्यावर २१४ विरुद्ध २१३ मतांनी महाभियोग आणला. पहिल्याचं वाईट वाटलं, दुसऱ्याचं समाधान. सुहासने रात्रीच व्हॉट्सॲपवर 'काय हा पोरखेळ' असं टाकलं, म्हणून लिहायला बसलो.

२६/११ नंतर दहा दिवसांच्या आत आर. आर. पाटील गेले, विलासराव गेले. त्यांनी काही कसाबला होडी दिली नव्हती. पण खातं तुमचं, तर जाब तुम्हीच द्यायचा. इथे डिसेंबरच्या एका महिन्यात दक्षिण सीमेवर बॉर्डर पेट्रोलच्या हाती जवळजवळ अडीच लाख माणसं लागली आणि मंत्री काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, सांगत आले की सीमा सुरक्षित आहे. कायद्यात 'ताब्यात ठेवावे' असं स्पष्ट लिहिलेलं असताना हे सोडून देतात. टेक्सास कोर्टात गेलं, तर जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८-१ ने सांगितलं की राज्यांना हा दावा लावताच येत नाही. मग दाद मागायची कुणाकडे? उरली काँग्रेस. तिने तिचं हत्यार काढलं की लगेच पोरखेळ!

आणि हे दूरचं नाही. क्रीडमूरचे स्थलांतरितांसाठीचे तंबू आपल्यातल्या काहींच्या घरापासून पाच मिनिटांवर आहेत. नाताळात फ्रान्समध्ये अडवलेल्या, निकाराग्वाला निघालेल्या विमानातले ३०३ प्रवासी बहुतेक आपल्याच देशाचे होते, त्यातले २७६ मुंबईला परत उतरले. आम्ही रांगेत उभे राहून आलो. रांग मोडणाऱ्याबद्दल राग येतो, तो लपवत नाही.

— अप्पा

प्रेषक: सुहास, ग्रेट नेक
१४ फेब्रुवारी

अप्पा, राग समजतो. पण आर. आर. आबांनी राजीनामा दिला होता, त्यांच्यावर महाभियोग नव्हता चालवला. भारतात मंत्री सभागृहाला जबाबदार असतो, विश्वास उडाला की गेला. इथली घटना तशी नाही. १७८७ मध्ये घटना लिहिली जात असताना जॉर्ज मेसन यांनी महाभियोगाच्या कारणांत 'गलथान कारभार' घालायचा प्रस्ताव मांडला होता. मॅडिसन म्हणाले, शब्द इतका सैल ठेवलात तर माणूस सेनेटच्या मर्जीवर खुर्चीत बसेल. मेसननी तो शब्द मागे घेतला. याआधी मंत्र्यावर महाभियोग आला तो १८७६ मध्ये, युद्धमंत्री बेल्कनॅपवर. त्याने फोर्ट सिल या लष्करी तळावरच्या दुकानाच्या परवान्यात रीतसर पैसे खाल्ले होते. मेयॉर्कस यांनी काय खाल्लं?

आणि 'ताब्यात ठेवावे' म्हणता, तर कुठे? काँग्रेसने गेल्या वर्षी पैसे दिले ३४,००० खाटांचे. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?

तुमच्याच रिपब्लिकन पक्षाचे तिघे — बक, गॅलाघर, मॅक्लिंटॉक — विरोधात गेले. ६ तारखेला तर ठराव पडलाच होता. डेमोक्रॅट अल ग्रीन इस्पितळातून, तिथल्याच कपड्यांत, व्हीलचेअरवर येऊन मत देऊन गेले. काल रिपब्लिकन स्कलीस उपचारांवरून परतले म्हणून एक मत वाढलं. सुओझींचा शपथविधी आधी झाला असता तर २१४-२१४ होऊन ठराव पुन्हा पडला असता. एका माणसाच्या हजेरीवर ठरणाऱ्या गोष्टीला मी उत्तरदायित्व म्हणणार नाही.

— सुहास

प्रेषक: सूत्रसंचालक
१५ फेब्रुवारी

नम्र आठवण: आपलं मंडळ ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था, आहे. मंडळाच्या यादीवर कुणा उमेदवाराचा प्रचार नको, म्हणजे काल कोण जिंकलं याचा आनंद आणि दुःख दोन्ही खाजगीत. धोरणावर बोला, पण सभ्यपणे. पाडव्याची तिकिटं अजून निम्मीसुद्धा गेलेली नाहीत. श्रीखंड किती लागेल ते केटरर रोज विचारतोय.

प्रेषक: मेधा, न्यू हाइड पार्क
१६ फेब्रुवारी

अप्पा, सुहासदादा,

तुमच्या दोघांच्या मेल मी दोनदा वाचल्या. मेसन, बेल्कनॅप, सगळं कळलं. आता मला एक सांगा. ४ ते ७ फेब्रुवारी या चार दिवसांत सेनेटमध्ये काय झालं, त्यावर या यादीवर एक तरी मेल आली का? मी शोधली. नाही.

४ तारखेला सेनेटर लँकफर्ड, मर्फी आणि कर्स्टन सिनेमा यांनी मिळून केलेलं सीमेचं विधेयक बाहेर आलं. युक्रेन आणि इस्रायलचे पैसे धरून ११८ अब्ज डॉलरचं. सीमेवर येणाऱ्यांची दिवसाची सरासरी ५,००० वर गेली की सीमा बंद, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण त्यातच, मागच्या पानांवर, आपलंही होतं. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला वेगळ्या अर्जाशिवाय कामाची परवानगी. पाच वर्षं दरसाल नोकरीवरची १८,००० जादा ग्रीन कार्डं. आणि आठ वर्षं एच-४ वर, म्हणजे त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, वाढलेल्या मुलांना एकविसाव्या वाढदिवसानंतरही इथे राहायची, काम करायची मुभा.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आला. ऑगस्टमध्ये एकवीस पूर्ण होतील. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, २०१३ ची आहे आणि या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये आमच्या ईबी-२ गटात भारताची रांग १ मार्च २०१२ वर आहे. म्हणजे ज्या शाळेत त्याने पहिलीपासून 'प्लेज' म्हटली, त्याच गावात तो ऑगस्टनंतर परदेशी विद्यार्थी. व्हिसा आला नाही तर पुण्याला, जिथे त्याला रिक्षावाल्याशी धड बोलता येत नाही. अप्पा, तुम्ही रांग म्हणता ना? आम्ही रांगेतच आहोत. रांग मोडणाऱ्यांनी आमचा नंबर मागे ढकललेला नाही. एका देशाला सात टक्केच ग्रीन कार्डं, या नियमाने ढकललाय.

७ तारखेला ते विधेयक ४९-५० ने पडलं. ६० हवी होती. आधी रिपब्लिकन म्हणाले सीमेचं काहीतरी केल्याशिवाय युक्रेनला पैसे नाहीत. केलं, तर ट्रम्प नको म्हणाले आणि त्यांच्यातले चारच बाजूने उरले. बॉर्डर पेट्रोलच्या युनियनने पाठिंबा दिलेलं विधेयक! पण सुहासदादा, तुमच्या डेमोक्रॅट वॉरन, मार्की, पाडिया यांनीही विरोधातच मत दिलं. ते तुम्ही सोयीस्कर गाळता. ६ ला महाभियोग पडला, ७ ला विधेयक. पहिला उचलून आठवड्यात पुन्हा उभा केला. दुसऱ्याला कुणी हात लावला नाही.

गंमत बघा, दोन्हीकडे युक्ती एकच होती. हाउसमध्ये रिपब्लिकन ब्लेक मूर यांनी ठराव पुन्हा आणता यावा म्हणून ऐनवेळी स्वतःचं मत फिरवलं, तेच सेनेटमध्ये डेमोक्रॅट नेते शूमर यांनी केलं. एकाला ती वापरायची होती.

त्या वेळी आपण काय करत होतो? तिळगुळाच्या डब्यांचा हिशेब. मीही त्यातच होते, म्हणून कुणाला दोष देत नाही. पाडव्याची दोन तिकिटं माझ्या नावावर लिहा. मुलगा येणार नाही म्हणतोय.

— मेधा

प्रेषक: अप्पा
१८ एप्रिल

मंडळी, पाडवा छान झाला, श्रीखंड उरलं. मुद्द्यावर येतो.

काल सेनेटने मेयॉर्कस यांच्यावरच्या महाभियोगातले दोन्ही आरोप घटनेत बसतच नाहीत म्हणून मोडीत काढले. ५१-४८ आणि ५१-४९. एक साक्षीदार नाही, एक कागद वाचला नाही. पहिल्या मताला रिपब्लिकन मर्कोव्स्की नुसत्या 'हजर' म्हणाल्या. सुहास, तू म्हणतोस तसं आरोपात दम नव्हता असं क्षणभर धरू. मग ऐकून निर्दोष म्हणायचं होतं. मला १९९३ आठवलं. लोकसभेतला न्या. रामस्वामींवरचा महाभियोगाचा ठराव. बाजूने १९६, विरोधात एकही नाही आणि तिथली काँग्रेस आणि मित्रपक्ष यांचे २०५ गप्प. तेव्हा पुण्यात आमच्या घरी दोन दिवस यावर भांडण चाललं होतं. निकाल न देता सोडणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

मेधा, तुझ्या मेलला मी दोन महिने उत्तर दिलं नाही. सुचलं नाही. मला वाटायचं की रांग म्हणजे रांग, पुढे सरकतेच. माझ्या वेळी सरकत होती.

— अप्पा

प्रेषक: सुहास
१८ एप्रिल

अप्पा, ऐकायला हवं होतं, हे मान्य. मोठ्याने सांगू नका.

प्रेषक: मेधा
१९ एप्रिल

अप्पा, सुओझींच्या स्थानिक ऑफिसात वेळ मागितली आहे. एकविशीच्या मुलांबद्दलच बोलायचं आहे, सीमेबद्दल नाही. दोन माणसं आणायला सांगितलंय. तुम्ही त्यांना मत दिलं नव्हतं हे मला माहीत आहे, पण मतदारसंघातले आहात आणि नागरिक आहात. मी दोन्हीपैकी फक्त एकच आहे. याल का?

प्रेषक: अप्पा
१९ एप्रिल

वार कळव. गाडी मी आणतो. मुलालाही घे बरोबर.