मदत हवी आहे: पोलोसाठी लोअरिंग स्प्रिंग की कॉइलओव्हर?

माझ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयची उंची 25 ते 30 मिलिमीटरने कमी करायची आहे. त्यासाठी लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली आणणाऱ्या आखूड स्प्रिंग) किंवा कॉइलओव्हर (आट्यांवर उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग व शॉकचा एकत्र संच) असे दोन पर्याय आहेत. गाडी रोज पुण्यात फिरते आणि पावसाळ्यात कोकणात जाते, त्यामुळे खड्डे व गतिरोधक टाळता येत नाहीत. बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतील रबरी भाग) आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून झाले आहे. मूळ शॉक अब्सॉर्बर गळत नसले तरी बरेच चाललेले आहेत. केवळ स्प्रिंग बदलल्यास शॉकला दबायला जागा कमी उरून ते बम्प स्टॉपवर (शॉक पूर्ण दबू नये म्हणून असलेल्या रबरी अडथळ्यावर) लवकर आदळतील, ही माझी मुख्य चिंता आहे. उंची वारंवार बदलायची नाही, ट्रॅकवरही जायचे नाही. शिवाय चिखलपाण्याने कॉइलओव्हरचे आटे गंजून जाम होऊ शकतात. अशा वापरासाठी स्प्रिंगसोबत कमी लांबीचे नवे शॉक पुरेसे ठरतील, की कॉइलओव्हरच घ्यावेत?