प्लेडेडचा पुढचा गेम: ठोस असं हाती काय आहे?

प्रश्न: प्लेडेड या डॅनिश गेम-स्टुडिओचा 'लिंबो' २०१०ला, 'इनसाइड' २०१६ला, आणि मग कोपनहेगनमध्ये चिडीचूप. पुढचाही डावीकडून उजवीकडेच पळायचा का?

निशाचर: नाही. त्यांच्याच भरतीच्या पानावर थर्ड-पर्सन (म्हणजे पात्र बाहेरून, बहुधा मागून दिसतं), सायन्स फिक्शन असं लिहिलेलं होतं. नाव, तारीख मात्र नाही. 'लीक' म्हणून फिरणारी नावं सोडून द्या.

धुकंवाला: उशिराचं एक कारण कॅमेरा असू शकतं, हा माझा अंदाज. 'इनसाइड' युनिटी या तयार गेम-इंजिनवर होता, पण अँटी-अलायझिंग (दातेरी कडा गुळगुळीत करणं) घरचं, कोडही खुला केलाय. दर फ्रेमला कॅमेरा पिक्सेलपेक्षा कमी सरकवायचा आणि नवं चित्र आधीच्या फ्रेममध्ये मिसळायचं. जुना रंग शेजारच्या पिक्सेलांच्या मर्यादेत नाही बसवला तर हलत्या वस्तूमागे भुतासारखी छटा उरते. थर्ड-पर्सनमध्ये कॅमेरा खेळाडूच्या हातात गेला की वळताना उघडी पडणारी जागा कोरीच, तिथे जुनी फ्रेम कामाची नाही. शिवाय प्रत्येक फ्रेमची चौकट हाताने लावायची चैनही संपली!

निशाचर: पैशाचं म्हणाल तर मार्च २०२०पासून प्रकाशक एपिक ही गेम कंपनी. विकासखर्च १०० टक्क्यांपर्यंत त्यांचा, वसूल झाल्यावर नफा निम्मा-निम्मा, हक्क स्टुडिओकडे. म्हणून स्टीम या पीसी गेम्सच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानावर डोळे लावून बसू नका. त्याच योजनेतला रेमेडी स्टुडिओचा 'ॲलन वेक २' पीसीवर एपिकच्याच दुकानात आला.