मदत हवी आहे : वजनाच्या कारणावरून मामांना विमानात घेतलं नाही, मामींची बॅगही तिसऱ्या दिवशी आली

परभणीकर :
नमस्कार मंडळी. विमानप्रवासाचे नियम माहीत असलेल्यांनी कृपया मार्ग दाखवावा.

मामेबहिणीचे दिवस भरत आलेत, म्हणून मामा-मामी गेल्या आठवड्यात छत्रपती संभाजीनगरहून हैदराबादला निघाले. दुपारचं विमान, पंख्याचं, सत्तरेक सीटचं. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर. वेळेच्या बरंच आधी पोचले होते. बॅगा दिल्यावर काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं, "आज वजनाची मर्यादा आली आहे, काकांना उद्या सकाळी पाठवतो." मामा ६८ वर्षांचे, मामी याआधी एकट्या कधी विमानात बसलेल्या नाहीत. कोणी आपणहून थांबायला तयार आहे का, असं विचारलेलं दोघांनीही ऐकलं नाही. मामी डोळ्यांत पाणी घेऊन एकट्या गेल्या.

तिकडे उतरल्या तर बॅगही आलेली नाही. मामांच्या बीपीच्या गोळ्या, बाळासाठी शिवलेली दुपटी, लाडवांसाठीचा डिंक आणि हळीव, सगळं त्यातच. जावयांनी विमानतळावरच तक्रारीचा फॉर्म भरून घेतला, पण बॅग तिसऱ्या दिवशी घरी पोचली. तोवर औषधं आणि कपडे विकत घ्यावे लागले.

आता कंपनी पुढच्या प्रवासासाठी सवलतीचं कूपन देते म्हणते आणि एका मजकुरावर सही मागते. मला दोन गोष्टी कळून घ्यायच्या आहेत. वजनाचं कारण खरं असतं का? आणि ही सही करावी का?

धावपट्टी :
लोड कंट्रोलमध्ये, म्हणजे विमानाच्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काम केलंय, म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगतो. कारण खरं असू शकतं, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात तर फारच.

हवा तापली की विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. चिकलठाण्याची, म्हणजे संभाजीनगर विमानतळाची, धावपट्टी २,८०० मीटरच्या आसपास आहे, एटीआरसारख्या पंख्याच्या विमानाला ती भरपूर. पण उड्डाणाच्या क्षणी एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर ठरलेल्या प्रमाणात चढता आलं पाहिजे, असा नियम आहे. समुद्रसपाटीपासून जवळपास ५८० मीटर उंची आणि वर बेचाळीस अंशांचं ऊन, तिथे हा हिशेब कधी कधी बसत नाही. पहाटेच्या विमानाला हा त्रास क्वचितच होतो.

दुसरं कारण प्रवाशांच्या लक्षातच येत नाही. एटीआर ७२-६०० चं उड्डाणाचं कमाल वजन सुमारे २३,००० किलो, उतरण्याचं सुमारे २२,३५०. हैदराबादचा पल्ला जवळचा, इंधन फार जळत नाही. तिकडे वादळी ढग असतील तर दुसऱ्या विमानतळाकडे वळण्यासाठी जास्तीचं इंधन न्यावं लागतं, आणि तेच उतरताना वजनात मोजलं जातं. इंधनाला हात लावता येत नाही. मग आधी माल उतरतो, मग बॅगा, आणि शेवटी माणसं. हातातल्या सामानासकट एका मोठ्या माणसाचं वजन ७५ किलो धरतात, म्हणजे ३०० किलो इंधन वाढलं की चार माणसांची जागा गेली.

हे सुरक्षेसाठीच आहे आणि मी त्याच्या बाजूचा आहे. पण थांबवायचं कोणाला, हे विमान ठरवत नाही, कंपनीची माणसं ठरवतात. म्हाताऱ्या जोडप्याची ताटातूट करणं मला मुळीच पटलेलं नाही.

ग्राहकपेठ :
सही सध्या करू नका. "पूर्ण व अंतिम तडजोड" असं काही त्यात लिहिलंय का ते बघा. असेल तर पुढचे रस्ते अवघड होतात.

डीजीसीएच्या, म्हणजे विमानवाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमानुसार तिकीट पक्कं असून प्रवाशाला नाकारायचं तर आधी स्वेच्छेने थांबणारे विचारावे लागतात. ठरलेल्या वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आत सुटणारं दिलं तर एकेरी मूळ भाड्याच्या २०० टक्के अधिक इंधन आकार, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर ४०० टक्के, कमाल २०,०००. मामा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले, म्हणजे ते २०० टक्क्यांच्या पायरीत बसतात. मात्र हा नियम जास्तीच्या बुकिंगला, म्हणजे सीटपेक्षा जास्त तिकिटं विकण्याला, धरून लिहिलेला आहे. "हवामानामुळे वजन कमी करावं लागलं, आमच्या हातात नव्हतं" असं कंपनी म्हणणार. म्हणून दोन गोष्टी लेखी मागा : नेमकी कुठली मर्यादा आली होती, आणि मामांची निवड कशावरून झाली. माल नेला की नाही, हेही विचारा.

बॅगेचा दावा वेगळाच लिहा, दोन्ही एकात मिसळू नका. देशांतर्गत प्रवासात बॅगेसाठीची जबाबदारी प्रवाशामागे २०,००० रुपयांपर्यंत असते. ती कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. गोळ्यांची, कपड्यांची बिलं, बॅगेचा टॅग, बोर्डिंग पास आणि जावयांनी भरलेला फॉर्म जोडा. बॅग हाती आल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार गेलीच पाहिजे.

परभणीकर :
दोघांचेही मनापासून आभार. मामांना वाचून दाखवलं, ते म्हणाले, पैशापेक्षा मामीला एकटं का पाठवलं त्याचं उत्तर पाहिजे. कंपनीनं दाद दिली नाही तर हैदराबादला खेटे घालावे लागतील का?

ग्राहकपेठ :
नाही. आधी कंपनीच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल अधिकाऱ्याकडे ईमेल करा, मग सरकारच्या एअरसेवा तक्रार पोर्टलवर टाका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवता येईल. तरीही काही झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. मामा परभणीतच राहत असतील तर परभणीतच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मामांनी म्हटलेलं वाक्य ईमेलमध्ये पहिल्या परिच्छेदात जसंच्या तसं लिहा. मसुदा इथे टाका, मी आज रात्री वाचतो.