कैचीच्या तुळईचं भिंतीतलं टोक कुजलंय, काय करावं?

प्रश्न (वडोदरा, दांडिया बाजार)
जुनं दुमजली घर, मंगलोरी कौलं, सागवानी कैच्या (छपराचा भार पेलणाऱ्या त्रिकोणी लाकडी चौकटी). मधल्या कैचीची खालची तुळई १५ × २० सेंटीमीटरची आहे. पन्हळीकडचं टोक भिंतीत कुजलंय, टोच्या ४० सेंटीमीटरपर्यंत सहज घुसतो. कंत्राटदार म्हणतो टोकाभोवती काँक्रीट भरून टाकू. चालेल का?

कौलारू
काँक्रीट अजिबात भरू देऊ नका. लाकूड आकसलं की फट पडते, तिच्यातून पाणी आत जातं आणि तिथेच कोंडतं. शिवाय ही तुळई नुसती टेकलेली नाही. तिरक्या वाशांचे पाय बाहेर पसरू पाहतात, त्यांना ती ओढून धरते. टोक गेलं की भिंत बाहेर ढकलली जाते, म्हणून नुसता टेकू पुरत नाही.

आधी त्या कैचीवरची कौलं उतरवा, चौरस मीटरमागे चाळीसेक किलो भार कमी होतो. मग धड भागाखाली टेकू द्या, आणि त्याच ओळीत तळमजल्यावरही, खाली जाड फळी घालून. नाहीतर सगळा भार माळ्याच्या तक्तपोशीवर (फळ्यांच्या जमिनीवर) येईल. दोन्ही वाशांचे पाय टर्नबकल (फिरवून सळई ताणायचा आट्यांचा जोड) लावलेल्या १६ मिलीमीटर सळईने एकमेकांना बांधा. हे झाल्याशिवाय करवत लावू नका. जॅकने भार सुटेल एवढंच उचला.

कुजलेल्या भागापुढे आणखी ३० सेंटीमीटर कापा, म्हणजे एकूण ७०. वाशाचा पायही ठोकून बघा, बहुधा तोही पोकळ निघतो. तिथे नीट वाळलेल्या सागाचा तुकडा, वाशासाठी तशीच खाच पाडून, बसवा. दोन्ही अंगांना १५० मिलीमीटरचे लोखंडी चॅनल (पन्हळीच्या आकाराच्या पट्ट्या) आणि १२ मिलीमीटरचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट घाला, सांध्याच्या प्रत्येक बाजूला निदान चार, नागमोडी ओळीत. कापलेल्या कडेपासून पहिला बोल्ट ८५ मिलीमीटरवर, नाहीतर ताणाखाली लाकूड चिरतं. बोल्टांची संख्या इंजिनिअरकडून पक्की करा, कैची किती लांबीची त्यावर ती ठरते. वर्षभराने नट पुन्हा आवळावे लागतील.

वाळवीवाला
सुतारकाम बरोबर, पण पाणी थांबवलं नाही तर नवा तुकडाही कुजेल. बुरशीला साधारण २० टक्क्यांवर ओलावा लागतो. पन्हळीचा उतार आणि भिंतीच्या माथ्यावरची कौलं आधी नीट करा. टोक दगडी उशीवर, मध्ये डांबरी पट्टा घालून ठेवा. दोन्ही बाजूंना आणि मागे २५ मिलीमीटर हवा खेळू द्या. भिंतीला चुन्याचा गिलावा हवा, सिमेंटचा ओल धरून ठेवतो. कापलेल्या टोकांना बोरॅक्स दीड भाग आणि बोरिक ॲसिड एक भाग यांचं पाण्यातलं द्रावण पाजा. ते ओलीत वाहून जातं, म्हणून गळती बंद झाल्यावरच.

प्रश्नकर्ता
मे संपत आला. पावसाआधी उरकेल का?

कौलारू
घाईत कापू नका. टेकू आणि सळई आत्ता लावा, पन्हळ साफ करून गळती थांबवा, वर ताडपत्री टाका. सांधा दिवाळीनंतर करा, लाकूड सुकलेलं असेल.